वाचक विचारतात: गुळाच्या गोडाऊनात चित्रं लावायचीत, देवी कुठं ठेवू?

यावेळी तीनच पत्रं घेतलीत. पहिलं लांब आहे पण मी त्यातलं फारसं काही कापलेलं नाही, कापायला गेलं की त्या पोराची घालमेल पण कापली जात होती.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २८ वर्षांचा आहे, कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. आमची तीन पिढ्यांची गुळाची अडत, आता सगळा सौदा मार्केट यार्डात होतो त्यामुळं शाहूपुरीतलं जुनं गोडाऊन निम्मं रिकामंच असतंय. मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, मग परत येऊन गुळाची पावडर आणि क्यूबचं पॅकिंग सुरू केलं, ते देवीच्या कृपेनं बरं चाललंय. आता मनात असं आहे की त्या रिकाम्या जागेत कलाकार पोरांसाठी काहीतरी करायचं. कलानिकेतन, दळवीज या चित्रकलेच्या कॉलेजांमधनं दरवर्षी एवढी पोरं बाहेर पडतात, चित्रं घरात कॉटखाली पडून असतात, नाटकवाली पोरं तालमीला कुणाच्या तरी गच्चीवर जमतात, त्यांना हक्काची जागा पाहिजे. शाळेतली एक मैत्रीण शिल्पकला शिकलीय, ती पार्टनर आहे.

अडचण अशी झालीय की मी अंबाबाईचा भक्त आहे, रोज पहाटे देवळात असतो, नोकरी सोडून आलो तेव्हा खिशात काहीच नव्हतं आणि देवळाच्या पायरीवर बसून ठरवलेलं की जे काय उभं राहील त्यातनं तिच्या गावातल्या पोरांना काहीतरी द्यायचं, म्हणजे हे गोडाऊन माझ्यासाठी नवसच आहे. म्हणून मला हॉलच्या मधोमध देवीची मोठी तसबीर लावायचीय आणि प्रत्येक कार्यक्रम आरतीनं सुरू करायचाय. पार्टनर म्हणते असं केलंस तर निम्मी पोरं दारातनंच परत जातील. वाद वाढला, ती म्हणाली तुला आर्ट स्पेस नकोय, देऊळ पाहिजे. ते मला फार लागलं, आम्ही दहा दिवस बोललेलो नाही.

त्यात पहिल्याच प्रदर्शनासाठी एका पोरानं किरणोत्सवाचं, म्हणजे मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीवर पडतात त्या सोहळ्याचं, चित्र दिलंय. त्यात किरणं गाभाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत, महाद्वारात झाडू मारणाऱ्या बाईच्या पायावर येऊन थांबतात आणि आत नुसता अंधार. चित्र भारी आहे हे मलाही कळतंय. पण पप्पा म्हणाले हे आपल्या जागेत लागणार नाही. आणि खरं सांगू का, मलाही ते बघून कसंतरीच झालं. काय करू? मॉडर्न दिसायचं म्हणून श्रद्धा गुंडाळून ठेवायची का? आणि या सगळ्याला मुद्रा लोन काढावं का?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी हे सांगते की श्रद्धा गुंडाळून बिलकुल ठेवू नकोस. पायरीवर बसून जे ठरवलंस त्याच्याच जोरावर ही जागा उभी राहणार आहे, कारण असल्या कामात पहिली दोन वर्षं पैसा दिसत नाही आणि नुसता हिशोबावर चालणारा माणूस सहाव्या महिन्यात कुलूप लावून मोकळा होतो. तू लावणार नाहीस असं मला तुझ्या पत्रावरनं वाटतंय.

आता तसबीर. तुमच्या अडतीत गादीच्या मागं देवीची तसबीर असणारच, कोल्हापुरात असं दुकान मला दाखव जिथं ती नाही. मी हे हक्कानं बोलते कारण आमचं तसबिरी मढवायचंच दुकान होतं, चोवीस वर्षं, दिवसाला तीन-चार अंबाबाई तरी आमच्या हातनं मढवून जायच्या, काच पुसताना मी प्रत्येकीला नमस्कार करायची. तर तुझी तसबीर तुझ्या टेबलामागं राहू दे, जिथं तू बसतोस, जिथं तू पैसे घेतोस आणि देतोस. सकाळी शटर उघडलं की दिवा लाव, उदबत्ती लाव, आरती म्हण, कोण आलं असलं आणि त्याला थांबावंसं वाटलं तर थांबेल. उद्घाटनाला उंबऱ्याची पूजा कर, आईच्या हातनं नारळ फोड, ते तुझं घर आहे आणि तुझा नवस आहे. पण हॉलच्या मधोमध मोठी तसबीर लावलीस तर त्या भिंतीवर दुसरं काय लावणार? चित्राला शेजार लागतो. देवीच्या शेजारी कुठल्याही पोराचं चित्र लावलं तरी लोक आधी हात जोडणार आणि चित्राकडं पाठ करणार, हे मी दुकानात रोज बघितलंय, मढवलेल्या तसबिरींच्या रांगेत एखादं पोराचं निसर्गचित्र टेकवून ठेवलं तर त्याच्याकडं कुणाची नजरच जायची नाही.

आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी आरती नको. का, ते तुझ्याच देवीच्या गोष्टीतनं सांगते, तुला माहीत असलेलीच गोष्ट आहे. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फोडतात, लहानपणी आपण सगळे ती गर्दी बघायला गेलोय. का जाते देवी? कोल्हासुराला मारल्यावर सगळा विजयोत्सव झाला आणि त्यात त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईलाच, बोलवायचंच राहिलं, म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. मग अंबाबाई स्वतः गेली तिची समजूत काढायला आणि अजून दरवर्षी जाते. एवढी मोठी देवी, पण जी बोलावण्यातनं राहिली तिच्याकडं आपल्या पायानं जाते, तिला खाली बोलवून घेत नाही. तू तिचा भक्त आहेस म्हणतोस तर तुझ्या दारातनं जी पोरं परत जातील असं तुझी पार्टनर म्हणते त्या पोरांचा विचार तुलाच आधी यायला पाहिजे होता, तिला नाही. नाटकातलं एखादं पोरगं नमाज पढणारं असेल, एखादी पोरगी देव मानतच नसेल, एखाद्याला देवळाच्या दारात काहीतरी ऐकून घ्यावं लागलेलं असेल आणि त्याच्या मनात ते अजून सलत असेल. आरतीच्या वेळी ती पोरं भिंतीला टेकून उभी राहतील, टाळ्या वाजवू का नको असा चेहरा करून, आणि पुढच्या वेळी येणार नाहीत, कारण पण सांगणार नाहीत.

या गावाला कलापूर म्हणतात ते असल्याच मोकळ्या मनामुळं. शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मानानं ठेवलं, आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार केलं, आणि आबालालांनी काय रंगवलं तर आपलं कोटितीर्थ आणि आपला रंकाळा. १९१७ साली बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा पैसा लावायला कोण पुढं आलं तर तानीबाई कागलकर, स्वतः गायिका. सिनेमा तेव्हा आपल्याकडं नुकता कुठं रांगायला लागलेला, आणि एका गाणाऱ्या बाईनं आपली कमाई एका पेंटरच्या नादावर लावली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, तिथनं जाताना एकदा थांब आणि तानीबाईंची आठवण काढ. तुझ्या कामातली तुझी खरी पूर्वज तीच आहे असं मला वाटतं.

आता ते चित्र. इथं मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, ती मी फार जणांना सांगितलेली नाही.

आमच्या दुकानाच्या वर एक खोली होती, तिथं मी नव्या पोरांची चित्रं लावायची, भाडं घ्यायची नाही, मढवायचे तेवढे पैसे. एकदा पाच पोरांचं मिळून प्रदर्शन होतं. त्यातला एक गडहिंग्लजकडचा, त्यानं एसटी स्टँडच्या बाकड्यावर झोपलेली जोगतीण काढलेली. यल्लम्माचा जग (जोगतिणी डोक्यावर घेतात ती देवीची टोपली) डोक्यावरनं उतरवून खाली पायाशी ठेवलेला, आणि बाईच्या तळपायाच्या भेगा एवढ्या बारीक काढलेल्या की बोट लावून बघावंसं वाटायचं. आदल्या रात्री घरातली मोठी माणसं बघायला आली आणि म्हणाली, जग पायाशी? हे शोभत नाही, आपण देवाच्या तसबिरी विकून खातो. मी वाद घातला नाही. सकाळी लवकर जाऊन चित्र उतरवलं, कागदात गुंडाळून आत ठेवलं. खिळा काढायचा राहिला. दहा वाजता ते पोरगं आलं, बरोबर आई, गावाकडनं पहिल्या एसटीनं आलेली, हातात पिशवी. ती माउली एकेका चित्रापुढं थांबून विचारायची, तुझं कुठलं रे? त्यानं भिंत बघितली, खिळा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि आईला म्हणाला, माझं अजून लावायचंय. माझी लाज त्यानं राखली. संध्याकाळी चित्र घेऊन गेला, जाताना पाया पडला, आणि परत कधी आला नाही. मी निरोप धाडले, आला नाही. तो खिळा मी पुढं किती वर्षं तसाच ठेवलेला.

म्हणून सांगते, चित्र लाव. तुला बघून कसंतरी झालं ना, मग त्या चित्रात काहीतरी खरं आहे. तू रोज पहाटे देवळात असतोस म्हणतोस, महाद्वारात झाडणाऱ्या बायका तुझ्या आधी तिथं आलेल्या असतात, त्यांनी झाडलेल्या फरशीवरनंच तू आत जातोस. त्यातल्या किती जणींचं नाव तुला माहीत आहे? त्या पोरानं ते बघितलं आणि तुझ्यासमोर ठेवलं. किरणोत्सव तर तुला पाठ असेल, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ला आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. कधी ढग, कधी धुकं, कधी वाटेतल्या इमारती, किरणं मधेच थांबली की सगळं गाव हळहळतं आणि वाटेतले अडथळे काढा म्हणून वर्षानुवर्षं मागणी चाललेली असते. त्या पोरानं तीच हळहळ धरलीय, फक्त किरणं जिथं थांबली तिथं एक माणूस उभं केलंय. ही देवीची निंदा नाही रे. मला तर त्यात देवी दिसली.

पप्पांचं मन मोडू नकोस. त्यांना ते चित्र परत थेट उद्घाटनाच्या गर्दीतच बघायला लावू नकोस, आधी एका दुपारी घेऊन जा, ते पोरगं पण असू दे, चहा मागव आणि पोराला सांगू दे त्यानं काय बघितलं, कुठं उभं राहून बघितलं. अडत्याची नजर असते त्यांची, गुळाचा रवा म्हणजे ढेप नुसती बघून पाणी कुठलं आणि गुऱ्हाळ कुठलं सांगणारी माणसं, ती चित्र बघायला शिकत नाहीत असं कोण म्हणतं? तरीही नाहीच म्हणाले तर जागा त्यांची आहे, मग त्या पोराला तू स्वतः जाऊन खरं कारण सांग, माझ्यासारखं गुपचूप उतरवू नकोस. आणि यापुढं कुठलं चित्र लागणार, कुठलं नाही, हे तू एकट्यानं ठरवायचं नाही, पार्टनर आणि कला जाणणारं बाहेरचं एखादं माणूस असे तिघं मिळून ठरवा. तुझी श्रद्धा तुला पहाटे उठवू दे, जागा झाडून घ्यायला लावू दे, पोरांचे पैसे वेळेवर द्यायला लावू दे. चित्राला पास-नापास करायचं काम तिच्याकडं देऊ नकोस.

आणि पार्टनरकडं आधी तू जा. दहा दिवस म्हणजे फार झाले.

आता जागेचं, कारण चांगल्या मनाची जागा ओल लागून पण बंद पडते. गुळाचं गोडाऊन म्हणजे मुंग्या आल्या, जमिनीत आणि भिंतीच्या खालच्या हातभर भागात वर्षानुवर्षं पाक मुरलेला असतो, नुसतं धुऊन जात नाही. फरशीचे सांधे खरवडून परत भर, भिंतीचा खालचा गिलावा पाडून नवीन कर, पॅकिंगचा भाग आणि हॉल यांच्यात पक्की भिंत घाल, प्लायचं पार्टिशन नको. कागदावरची चित्रं भिंतीला चिकटवून लावायची नाहीत, फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावायचे म्हणजे मागनं हवा खेळते, आपल्या पावसाळ्यात चार महिने भिंत घाम फोडते आणि बुरशी आधी मागनं चढते. चित्राचा मध्य जमिनीपासनं साधारण पाच फुटांवर येऊ दे, डोळ्याच्या रेषेत. कौलं असतील तर उत्तरेच्या बाजूला काचेची कौलं बसव, उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, चित्रकारांना तो सोन्यासारखा. दक्षिणेला बसवलीस तर ऊन सरळ चित्रावर पडेल आणि वर्षात रंग उडतील.

पुराचं मी तुला काय सांगू, २०१९ आणि २०२१ला शाहूपुरीत पाणी कुठवर आलेलं ते तुझ्या भिंतीवर अजून दिसत असेल. त्या खुणेच्या वर हातभर एक माळा करून घे आणि जून ते सप्टेंबर कुणाचंही काम रात्री खाली ठेवायचं नाही असा नियमच कर. वायरिंग सगळं नवीन, जुन्या वायरवर स्टेजचे लाईट जोडायचे नाहीत, आग विझवायची सिलिंडरं दारापाशी, आणि दुसरं एक दार कायम उघडं राहील असं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. १९१५ सालचं नाट्यगृह, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि ज्यांनी त्या स्टेजवर आयुष्य काढलं ती वयस्कर माणसं रस्त्यावर लहान मुलासारखी रडत होती. तेव्हापासनं मी कुठल्याही हॉलमध्ये गेले की आधी दुसरं दार शोधते.

पैशाचं. जागा फुकट देऊ नकोस, नवस असला तरी. फुकट दिलं की पोरं उपकाराखाली येतात, पंखा बंद आहे हे सुद्धा तुला सांगायला लाजतात. आमच्या वरच्या खोलीत तेच झालं, कौलातनं गळत होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही, कारण काय तर ताई भाडं घेत नाहीत. तालमीला तासाला शंभर रुपये, चित्रं लावायला दिवसाला दोन-तीनशे, विकलं तर वीस टक्के तुझे, एवढं ठेव आणि ते कागदावर लिहून दारात लाव. मोठ्या शहरातल्या गॅलऱ्या ३० ते ५० टक्के घेतात, तेवढं तू घेऊ नकोस, आपल्याकडं पहिलं चित्र विकलं जायलाच किती दिवस लागतात. चित्र विकलं की आठ दिवसांत पैसे पोराच्या खात्यावर, अडतीत शेतकऱ्याची पट्टी करता तशी पट्टी करून दे, गिऱ्हाइकानं दिलेली रक्कम, कापलेली रक्कम, हातात आलेली रक्कम. हे तुझ्या घराण्याला येतंच.

मुद्रातलं किशोर कर्ज ५० हजारांच्या वरनं ५ लाखांपर्यंत मिळतं, पण ते तू पावडरच्या धंद्याला मशीन घ्यायचं असेल तर काढ, हॉलसाठी हप्ता डोक्यावर घेऊ नकोस. हप्ता आला की हळूहळू वाढदिवसाच्या पार्ट्या येतात, मग सेल येतात, आणि पोरांच्या तारखा मागं पडतात. एका भिंतीनं सुरू कर. टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' होते ती बघितलीयस ना, झाडाखाली चित्रकार रंगवतायत, शेजारी गाणं चाललंय, माणसं उभ्यानं बघतायत, त्याला किती भिंती लागतात?

प्रश्न : मी २५ वर्षांची आहे, आमचं मराठी ख्रिस्ती कुटुंब, लहानपणापासनं वायल्डर मेमोरियल चर्चच्या क्वायरमध्ये गायले. आता घराच्या पुढच्या खोलीत गाणं शिकणाऱ्या मुलींसाठी रियाजाची जागा आणि छोटं रेकॉर्डिंग सुरू केलंय, फी अगदी कमी. मी दिवस प्रार्थनेनं सुरू करते, एकटी, दार बंद करून. तरी गल्लीतल्या एका काकूंनी दोन मुलींच्या आयांना सांगितलं की तिथं धर्माचं काहीतरी चालतं, आणि त्या दोघी यायच्या बंद झाल्या. मला रात्रभर झोप लागली नाही. भिंतीवरचा क्रूस काढू का?

उत्तर : काढू नकोस गं. ज्या भिंतीवर तो आधीपासनं आहे तिथंच राहू दे, आज काढलास तर उद्या लपवायला काहीतरी होतं असाच अर्थ निघेल. चूक तू केलेली नाहीस हे आधी मनात पक्कं धर.

तुझं आणि वरच्या पोराचं दुखणं एकच आहे पण बाजू वेगळी. त्याच्या देवीला या गावात कुणी खुलासा विचारत नाही, तुला विचारतात, हे बरोबर नाही आणि मी ते बरोबर आहे असं म्हणणार नाही. पण तू तिथं मुली शिकवतेस, त्यांच्या आयांचं मन शांत राहणं हे तुझ्याच कामाला लागतं, म्हणून चार गोष्टी कर. रियाजाच्या खोलीला काचेचं दार बसव, बाहेरच्या बाकड्यावर आयांना बसता येऊ दे, आवाज कमी बाहेर येईल आणि आतलं सगळं दिसेल. आठवड्याचं टाइमटेबल दारावर लाव, कोण किती वाजता, कुठला राग, कुठलं गाणं. त्या जागेतनं कुणालाही चर्चच्या कार्यक्रमाचं आमंत्रण देऊ नकोस, ख्रिसमसच्या कॅरोलचं सुद्धा नाही, ते घराच्या मागच्या दारानं मैत्रिणींना दे, विद्यार्थिनींना नाही. तुझी प्रार्थना जशी चाललीय तशी चालू दे.

आणि त्या दोन आयांकडं तू स्वतः जा, काकूंचं नाव न काढता. सांग की मुलीला परत पाठवा आणि महिनाभर तुम्ही पण येऊन बसा. एक तरी येईल असं मला वाटतं.

गाण्यात तुला काही सोडावं लागत नाही, हे पण सांगते. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, आपल्या वारकऱ्यांच्या अभंगाचाच छंद, तीच मराठी. तू क्वायरमध्ये त्यातलं काही ना काही गायलीच असशील. गळा तयार व्हायला मुलींना भजन गायचं असलं तर तू पेटीवर साथ कर, त्यात तुझ्या प्रार्थनेला काही कमीपणा येत नाही. बाहेर ऐकू जाणारा स्पीकर मात्र रात्री दहाच्या आत बंद झालाच पाहिजे, तो कायदाच आहे, आणि त्या काकूंना बोलायला दुसरं निमित्त द्यायचं नाही.

प्रश्न : ताई, मी जी.डी. आर्ट (चित्रकलेचा डिप्लोमा) करून वर्ष झालं. एका नवीन कॅफेवाल्यानं मोठी भिंत रंगवायला सांगितलीय, पैसे नाहीत म्हणाला, पण तुझं नाव होईल, शिवाय तेच डिझाईन टी-शर्टवर छापून विकणार आहे. नवीन आहे म्हणून हो म्हणू का? घरात म्हणतात संधी सोडू नकोस.

उत्तर : रंग कोण आणणार? शिडी कोण देणार? भिंत खरवडून प्रायमर मारायचे दोन दिवस कोण भरून देणार? हे आधी त्याला विचार, आणि त्याचं उत्तर ऐकून तुझं तुलाच कळेल. कॅफेवाला चहा नाव व्हावं म्हणून फुकट देत नाही.

टी-शर्टचं तर अजिबात तोंडी बोलून सोडू नकोस. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं चित्राचा हक्क चित्र काढणाऱ्याचा असतो, आपण आपलं काढलेलं चित्र नंतर विकलं तरी ते छापायचा हक्क आपोआप समोरच्याकडं जात नाही, तो लिहूनच द्यावा लागतो. (पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट आणि पगारी नोकरीत केलेलं काम यांचं वेगळं असतं, तिथं वेगळं काही ठरलेलं नसेल तर हक्क काढून घेणाऱ्याचा होतो, म्हणून भिंतीचे पैसे घेतलेस तरी डिझाईनचा हक्क तुझाच हे कागदावर लिहून घे.) म्हणजे भिंतीचे पैसे वेगळे आणि टी-शर्टचे वेगळे. एका कागदावर चार ओळी लिही: भिंत किती फूट, रंग कुणाचा, पैसे किती आणि कधी, डिझाईन भिंतीशिवाय कुठं वापरायचं असेल तर दर टी-शर्टला किती. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि फोटो काढून ठेव.

भिंतीचा दर सांगताना घाबरू नकोस, चौरस फुटावर सांग, तुझ्या सरांना विचार ते काय घेतात आणि त्याच्या निम्मं तरी माग. निम्मे पैसे आधी, ते आले की रंग आणायचे. आणि कोपऱ्यात सही करायची जागा आधीच ठरवून घे, टेबल लावून झाकली जाणार नाही अशी.

तो नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नकोस. वरच्या पत्रातलं गोडाऊन तयार झालं की त्या पोराला मी तुझा पत्ता कळवते, तुझी हरकत नसली तर तसं एका ओळीत लिहून पाठव.